भांडखोरांची वंशावळ

मराठी माणूस पूर्वज शोधायला निघाला, की तो पहिला थेट पानिपतावर पोचतो. तिथवर जायला कागद लागत नाही की साक्षीदार. घरात एखादे बोलके काका असले की पुरे. आमचा मूळपुरुष राणोजी 14 जानेवारी 1761 रोजी भाऊसाहेबांच्या उजव्या हाताला लढता लढता पडला, हे मला बाराखडी यायच्या आधीपासून ठाऊक आहे. पुढे मित्रांकडे, सोयऱ्याधायऱ्यांकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांचेही मूळपुरुष त्याच दिवशी, त्याच जागी आणि उजव्याच हाताला पडलेले. तिकडे एवढी गर्दी झाल्यावर बाकीची फळी कोण सांभाळत होतं, हा प्रश्न इतिहासकारांनी मनावर घ्यायला हवा. पानिपतावर लढणाऱ्यांपेक्षा बाजारबुणगे जास्त होते, असं सगळे सांगतात. पण बुणग्यांचे वंश बहुधा तिथेच खुंटले असावेत. त्यांचा एकही वंशज मला आजवर भेटलेला नाही.

तर आमच्या थोरल्या काकांनी आपल्या पंच्याहत्तरीच्या जेवणावळीत, मठ्ठा वाढून झाल्यावर, घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं जाहीर केलं. कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं. मी बँकेतून निवृत्त झालो होतो. म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत रिकामा होतो.

वंशावळ खालून वर चढत जायची असते, हे मला तेव्हा कळलं. आधी आपला बाप, मग आजा, मग पणजा, असं एकेक पायरी पक्की करत जायचं. काकांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, राणोजी तर आहेच. आता फक्त मधले भरायचे. मधले भरायला मी गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं आणि पहिल्याच पानावर थबकलो. आजोबांचा जन्म 1 जूनचा. त्यांच्या भावाचाही 1 जूनचा. शेजारच्या वाड्यातल्या दोघांचा 1 जून, सुताराच्या मुलाचा 1 जून, गुरवाच्या मुलाचा 1 जून. गावात अख्ख्या पिढीच्या बाळंतिणी एकाच दिवशी मोकळ्या झालेल्या. कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये भरायची, वयाची अट पुरी झाली पाहिजे, जन्मतारीख आईबापांच्या लक्षात असायची ती ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘प्लेगात आम्ही रानात झोपड्या घालून राहिलो तेव्हा’ अशी. मास्तरांना त्या रकान्यात आकडा हवा असायचा. मग पोराला उजव्या हातानं डोक्यावरून डावा कान धरायला लावायचं. हात पोचला की झाला जन्म, 1 जूनला. आजोबा आणि त्यांचा पाठचा भाऊ एकाच साली, एकाच 1 जूनला जन्मलेले आहेत. जुळे नव्हते. दोघे एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवले होते, एवढंच.

मृत्यूची नोंद त्यापेक्षा बरी. ती गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे गावकरी ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात मिळते. तिथे मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, जात, वय आणि मरणाचं कारण असतं. कारणांच्या बाबतीत आमचं गाव काटकसरी होतं. पानंच्या पानं ‘ताप’ आणि ‘खोकला’. सगळ्या गुंतागुंतीचा निकाल दोन शब्दांत.

खरी मौज सातबारावर आहे. पणजोबांच्या नावापुढे लिहिलं आहे ‘अ. पा. क. आई भागीरथी’. अज्ञान, पालन करणारी आई. त्यांचे वडील लवकर गेले, जमीन पोराच्या नावावर चढली, पोर सज्ञान नव्हतं, म्हणून आईचं नाव. इथवर ठीक. पुढे पोर सज्ञान झालं, त्याचं लग्न झालं, सात मुलं झाली, नातवंडांची लग्नं झाली, पण तलाठ्याकडे जाऊन ‘मी आता मोठा झालो’ असं कुणी सांगितलं नाही. पणजोबा म्हातारपणानं गेले ते सरकारदरबारी अज्ञानच गेले. मरेपर्यंत आजीला धाकात ठेवणारा हा माणूस कागदावर शेवटपर्यंत आईचं बोट धरून उभा होता. पणजीचा मात्र त्यावर विश्वास बसला असता.

या भागीरथीबाईंमुळे माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्या वंशावळीत वर जाल तशा बायका नाहीशा होतात. पुरुषाला पुरुष होत जातात. मुलींची लग्नं होऊन त्यांची नावं सासरी बदलली आणि माहेरच्या यादीत त्या कधी लिहिल्याच गेल्या नाहीत. सुनांचं माहेरचं नाव सांगायला कुणी उरलं नाही. बाई कागदावर येते ती नवरा मेल्यावर आणि पोर लहान असल्यावर. मग तिचा अंगठा घेतात, किंवा अजून जुना कागद असेल तर तिच्या नावाशेजारी बांगडीची निशाणी काढतात. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, बाईची बांगडी. भागीरथीबाईंनी पोर सांभाळलं, जमीन सांभाळली आणि भाऊबंदांनी घातलेल्या दोन हरकती परतवून लावल्या. तेही फेरफारात आहे. काकांनी कुलवृत्तांताच्या कच्च्या मसुद्यात त्यांना जागा दिली ती कंसात.

पुढची पायरी त्र्यंबकेश्वर. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल ऐकून असतात सगळे, पण प्रत्यक्ष समोर उघडलेली पाहणं वेगळं. आम्ही ओसरीवर बसलो. गुरुजींनी जिल्हा विचारला, तालुका विचारला, गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि आतल्या खोलीत गेले. बँकेतली लेजरं शोधायची माझी सवय आठवून मी मनात अर्धा तास धरला होता. गुरुजी चहा यायच्या आत बाहेर आले. लांबट, उभी शिवलेली वही, लाल फडक्यात. त्यात आजोबांचं स्वतःच्या हातचं अक्षर. बोरूच्या वळणाचा ‘श’ मी लगेच ओळखला. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, भाऊ, मुलगे, पुतणे, सगळे ओळीनं. फक्त एक चुलतभाऊ नव्हता. बाकी सगळं चुलत घराणं होतं, हा एकच वगळलेला.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आणखी चार पानं उलटली. तिथे त्या चुलतभावाचा लेख. तोही सविस्तर. पणज्यापर्यंत गेलेला, आणि त्यात आमचे आजोबा नाहीत.

“बांध?” गुरुजींनी विचारलं.

“विहीर,” मी म्हटलं.

गुरुजींनी मान डोलावली. त्यांच्या वहीत महाराष्ट्रातल्या सगळ्या विहिरी असणार. मी दोन्ही पानांचे फोटो काढले, दक्षिणा ठेवली आणि माझा स्वतःचा लेख लिहायला घेतला. लिहिताना धाकट्या भावाच्या नावापाशी पेन क्षणभर अडलं, हे खरं. पण लिहिलं.

मामांकडे कोल्हापूरच्या बाजूला हा त्रास नाही. तिकडे हेळवी येतो. बैलावर बसून दारात येतो आणि कुळाची सगळी शाखा-उपशाखा तोंडानं सांगतो. नवीन जन्मलेल्यांची भर घालतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. मामांचं निरीक्षण असं, की जोंधळ्याच्या पायलीपर्यंत पूर्वज नुसते शेतकरी असतात. पायलीच्या वर गेलं की तलवार येते.

आता राणोजी. तिथे सातबारा पोचत नाही आणि शाळेचं रजिस्टरही. तिथे मोडी लागते.

मोडी ही लिपी आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवत होते. त्यामुळे आजोबांना येत होती, वडिलांना सहीपुरती येत होती आणि मला पाहून फक्त आदर वाटतो. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं तोडून घ्यायचं. अशी अक्कल असलेली माणसं आता मोजकी आहेत आणि त्यांना सध्या बरे दिवस आहेत. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत जुने गठ्ठे सुटले, आणि जे मोडीवाले आजवर सभासंमेलनात मागच्या खुर्चीवर बसत, त्यांना तहसीलदार चहा विचारू लागले. मला मिळालेले सर निवृत्त शिक्षक. पानाचे पैसे आधी, अर्थ नंतर, आणि ‘अर्थ मनासारखा नसला तर पैसे परत नाहीत’ ही अट तोंडी.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल असतात. रुमाल म्हणजे कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा. असे हजारो. घडणी, चिटणिशी, प्रांत अजमास असे त्यांचे विभाग आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांनी या दफ्तरातून निवडक कागदांचे 45 खंड 1930 पासूनच्या चारपाच वर्षांत काढले. त्यात राणोजी नाही. काकांनी हे सरदेसायांचं दुर्लक्ष म्हणून नोंदवून घेतलं.

सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. “लढाईत शोधू नका. भांडणात शोधा.”

याचा अर्थ पुढे कळत गेला. जो माणूस वेळेवर सारा भरतो, शेजाऱ्याशी गोड बोलतो, कर्ज घेत नाही आणि रात्री लवकर झोपतो, त्याचा कागद कशाला होईल? कागद होतो भांडणाऱ्याचा. पाटीलकीचा तंटा उभा राहिला, की दोन्ही बाजूंनी आपापला करीना लिहून द्यायचा. मूळपुरुषापासून आजपर्यंत कोण कुणाचा, वडील कोण, धाकटा कोण, वतन कुणी राखलं, सगळं. मग गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, निवाड्याचा महजर व्हायचा आणि खाली निशाण्या पडायच्या. तरीही मिटलं नाही तर दिव्य. कढत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हात पिशवीत घालून वर मोहर करायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचा. एवढ्या खटाटोपामुळे त्या घराण्यांच्या वंशावळी आज सात-सात पिढ्या मिळतात. ज्यांच्याकडे गुण्यागोविंदानं नांदले, त्यांचं पुढचं-मागचं काही सांगता येत नाही. शांतताप्रिय पूर्वजांचा वंशजांना काडीचा उपयोग नसतो.

तर भांडणात शोधलं, आणि राणोजी सापडला.

कागद हातबनावटीचा, घडीवर विरलेला, एका कोपऱ्यात कसरीनं नक्षी केलेली. सरांनी भिंग धरलं आणि पुटपुटायला सुरुवात केली. आमच्या गावाचं नाव आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ‘राणोजी बिन सुभानजी’ आलं तेव्हा मी उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं म्हणून पुन्हा बसलो. मजकूर असा, की होळीला पहिली पोळी आमची असता चुलतभावानं दांडगाईनं आपली पोळी आधी टाकली. पोळ्याला आपला बैल पुढे काढला. दसऱ्याचा आपटा आणि लग्नातला टिळा-विडाही आता तोच मागतो. तरी साहेबी मनास आणून आपलं वडीलपण चालवावं. खाली नांगराची निशाणी. आमचा मूळपुरुष सही करत नव्हता, हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.

“वर्ष?” मी विचारलं.

सर म्हणाले, “सलास सबैन मया व अलफ.”

त्या काळच्या कारकुनाची मला कमाल वाटते. गाव देशावरचं, भांडण पुरणपोळीचं, महिना हिजरी, शब्द निम्मे फारसी आणि वर्ष अरबी आकड्यांत, तेही अक्षरी. बेरीज एककापासून उलटी करायची. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. 1173. हा सुहूर सन. मृगापासून सुरू होतो. त्यात 599 मिळवले की आपलं साल; जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांना 600. 1772.

मी पुन्हा बेरीज केली. बँकेत चाळीस वर्षं बेरजाच केल्या आहेत. 1772च. पानिपतचं सुहूर साल इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे 1161. याचा अर्थ पानिपतावर पडल्यानंतर अकरा वर्षांनी राणोजी गावात होळीच्या पोळीवरून भांडत होता.

घरच्या ग्रुपवर मी हे कळवलं आणि रात्री जेवायच्या वेळेपर्यंत घराण्यात तीन मतप्रवाह तयार झाले. पहिला काकांचा. “अरे, हा दुसरा राणोजी. नातू असेल.” याला उत्तर देणं अवघड, कारण आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे वरपासून खालपर्यंत राणोजी बिन सुभानजी, सुभानजी बिन राणोजी, पुन्हा राणोजी बिन सुभानजी, एवढंच चालू आहे. दोन नावांत घराण्यानं तीनशे वर्षं भागवली. हे आमचंच नाही. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजी, महाराजांचे पुत्र संभाजी. संभाजी महाराजांच्या मुलाचं नाव शिवाजी, ज्यांना आपण शाहू म्हणतो. राजाराम महाराजांचे मुलगे पुन्हा एक शिवाजी आणि एक संभाजी. एवढ्या मोठ्या घराण्याचा हिशेब लावताना भलेभले दमतात, तिथे मी कोण. पण 1761 साली लढणाऱ्या माणसाचा नातू 1772 साली वडीलपणासाठी अर्ज करतो, हे जमायला मधल्या सुभानजीला फारच घाई करावी लागली असती.

दुसरं मत आत्याचं. तो परत आला असेल. पानिपताहून पुष्कळ लोक उशिरा परत आले. हे मला पटण्यासारखं होतं.

तिसरं मत पुण्याच्या चुलतभावाचं. तो इतिहासावरच्या कादंबऱ्या वाचतो. त्याचं म्हणणं, हा तोतया. भाऊसाहेबांचा तोतया निघाला होताच. त्यानं वर्षानुवर्षं गोंधळ घातला आणि 1776 साली त्याला देहान्त शिक्षा झाली. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. तेव्हा आमच्या राणोजीच्या नावावर कुणी भलताच येऊन बसला नसेल कशावरून? यावर आत्यानं विचारलं, की मग आपण कोण? ग्रुप थोडा वेळ शांत होता.

निकाल सरांनी लावला. त्याच रुमालात पुढे चुलतभावाचा करीना निघाला. विरोधकाइतका बारकाईनं आपला इतिहास दुसरं कुणी लिहीत नाही. त्यानं राणोजीचं सगळं काढलं होतं. राणोजीनं गावच्या वाण्याचे किती रुपये बुडवले, कुणाच्या शेतात गुरं घातली, आंब्याचं झाड कसं बळकावलं. आणि ओघात हेही, की राणोजी हिंदुस्थानच्या स्वारीस म्हणून निघाला खरा, पण बऱ्हाणपुरी हिवतापानं पडला आणि तिथूनच मागे फिरला. मधल्या काळात पाटीलकीचं कामकाज आम्ही चालवलं, सबब पोळी आमची.

काकांना मी फोन केला. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

“बऱ्हाणपूर,” ते शेवटी म्हणाले, “पानिपताच्या वाटेवरच आहे ना?”

“आहे काका.”

“मग ‘पानिपतच्या मोहिमेत सहभाग’ असं लिही.”

तसं लिहिलं. खोटं काही नाही त्यात. मला स्वतःला विचाराल तर हिवताप झालेला राणोजी मला जास्त आवडला. पानिपतावर पडला असता तर मी नसतो, हा एक भाग. शिवाय पडलेला राणोजी आम्हाला नुसता लढताना ठाऊक होता. या राणोजीला ताप येतो, आंबे आवडतात आणि पोळीवरून त्याचं डोकं फिरतं. आमच्या घरात हे तिन्ही आजही आहे. माझा भाऊ आमरसाच्या वाटीवरून अबोला धरू शकतो.

एक गोष्ट मात्र मी मसुद्यात जशीच्या तशी घातली आणि तिथेच माशी शिंकली. चुलतभावाच्या करीन्यात वंशावळ होती, साक्षीदारांनी ती कबूल केली होती, आणि तिच्याप्रमाणे थोरली शाखा त्याची ठरते. आमची धाकटी. म्हणजे ते शेजारच्या वाड्यातले, ज्यांच्याशी विहिरीवरून आजोबांच्या काळापासून बोलणं नाही, ते वडील घराणं. मसुद्याची प्रत छापखान्यातून त्यांच्याकडे कशी गेली कोण जाणे. पाटीलकीची वतनं 1962 च्या कायद्यानंच गेली. होळीला पहिली पोळी आता ग्रामपंचायतीचा शिपाई टाकतो. तरी आठवड्यात रजिस्टर पोस्टानं पत्र आलं. कुलवृत्तांतात आमची शाखा पृष्ठ 1 पासून छापावी, आपली तदनंतर. आजवर आपण वडीलपण सांगून जो मान घेतला त्याचा खुलासा करावा. पत्रात त्यांनी आपली सात पिढ्यांची वंशावळ दिली आहे. तीत आमच्याकडे नसलेली चार नावं आहेत आणि दोन सुनांची माहेरची गावंसुद्धा.

काकांनी उत्तराचा मसुदा सुरू केला आहे. आमची वंशावळ आठव्या पिढीपर्यंत जायला हवी, म्हणून मी पुढच्या सोमवारी पुन्हा दफ्तरात निघालो आहे. सरांनी पानाचा दर वाढवला आहे.